‘सौजन्य’ कोणाचं?

जुन्नर-आंबेगाव भागातल्या कोणत्याही अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घ्यावी. वर विठ्ठल-रखुमाईचं चित्र, त्याखाली ज्ञानोबा-तुकोबांचा जयजयकार, मग सात दिवसांचा तक्ता. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकार महाराजांच्या नावासमोर त्या दिवसाच्या अन्नदात्याचं नाव. तक्ता संपला की बारीक टायपात दुसरा मजकूर सुरू होतो: मंडप सौजन्य, ध्वनिक्षेपक सौजन्य, विद्युत रोषणाई सौजन्य, पिण्याचे पाणी सौजन्य आणि सगळ्यांत शेवटी पत्रिका सौजन्य. या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एखादं कृषी सेवा केंद्र, पतसंस्था किंवा सराफाची पेढी असते. वरच्या अन्नदात्याला जेवू घालण्याचं पुण्य मिळतं. खालच्या सौजन्यवाल्याला काय मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

शहरातल्या जाहिरात व्यवसायात ‘ब्रँड अ‍ॅक्टिव्हेशन’ नावाचं एक खातं असतं. नुसता फलक लावून थांबायचं नाही. गाण्याच्या किंवा खाण्याच्या महोत्सवाला आलेल्या माणसाला आपल्या मालाशी काहीतरी करायला लावायचं. चाखायला, हुंगायला, रांगेत उभं राहायला, कमानीखाली फोटो काढून घ्यायला. या कल्पकतेची बक्षिसंही असतात. जिथं लोक गाण्यासाठी आणि जेवणासाठी एकत्र जमतात, तिथं पैसे देणाऱ्याचं नाव कोणी पुकारायचं, कोणासमोर पुकारायचं आणि त्या बदल्यात काय घ्यायचं, याचा आपल्याकडचा इतिहास मात्र या खात्याच्या जन्माच्या फार मागं जातो. तो शोधायला मी बोरी बुद्रुकसारख्या गावापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या पंचक्रोशीत या इतिहासाचे बहुतेक सगळे थर एकावर एक सापडतात.

थर हा शब्द इथं सहज येतो. नारायणगावच्या पूर्वेला, कुकडीच्या काठावरचं हे गाव मराठी वाचकांपेक्षा परदेशी भूगर्भशास्त्रज्ञांना जास्त माहीत आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या संशोधकांना नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारं सापडली. ती राख हजारो मैलांवरच्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हे बहुतेकांनी मान्य केलं; ती त्याच्या नेमक्या कोणत्या स्फोटाची, म्हणजे पाऊणएक लाख वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर मात्र खूप शाई खर्च झाली. माझा विषय त्यामानानं फारच अलीकडचा आहे.

गावच्या जत्रेची मूळ रचना उंबऱ्यावर उभी असते. दर उंबऱ्यामागं ठरलेली वर्गणी. ज्याची बागायत मोठी, त्यानं जास्त द्यावं अशी अपेक्षा असते. पण पावती फाडली जाते ती घराच्या नावानं. पूर्वी ती धान्यातही दिली जाई. चैत्र-वैशाखात रब्बीचं पीक घरात आलेलं, शेतं मोकळी, पावसाला अवकाश. याच दिवसांत मांडवडहाळे, शेरणी, पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा असा जत्रेचा क्रम असतो. घरोघरी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण, आणि पाहुण्यांना आमच्या भागाची म्हणून खास मासवडी. सप्ताहाचं जेवण वेगळं: मोठ्या कढयांत उकळणारी मसाल्याची आमटी आणि गावातल्या सगळ्या चुलींवरून गोळा होऊन आलेल्या भाकरी. भाकरी कोणाच्या घरची हे पंगतीत कोणी विचारत नाही, कळतही नाही. आमटीचा मसाला आणि डाळ ज्यानं दिली त्याचं नाव मात्र कीर्तनाच्या शेवटी महाराज घेतात, त्याला नारळ देतात. म्हणजे एकाच पंगतीत निनावी दान आणि पुकारलेलं दान, दोन्ही शेजारी शेजारी वाढलेली असतात. भाकरी बायकांनी भाजलेल्या असतात आणि नारळ पुरुषाच्या हातात पडतो, एवढी नोंद इथं करून ठेवतो.

जमलेल्या वर्गणीतला सगळ्यांत मोठा आकडा सुपारीचा. हा शब्द मुंबईच्या टोळ्यांनी बदनाम केला, पण तमाशाच्या व्यवहारात त्याचा जुना, सभ्य अर्थ अजून चालतो: कामाचा करार पक्का झाला म्हणून हातात ठेवलेली सुपारी, आणि त्यावरून ठरलेल्या रकमेलाच सुपारी. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते या सुपाऱ्यांमुळं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत गादी, फडाचा व्यवस्थापक, आणि समोर यात्रा कमिटीची मंडळी. बोरी, साळवाडी, बेल्हे, आळे, ओतूर अशा आसपासच्या गावांचेच नव्हे, तर नगर-नाशिककडचे गावकरीही इथं येतात. तिथी एकच, मागणारी गावं अनेक. अष्टमीला किंवा पौर्णिमेला चांगल्या फडाचा दर चढतो, आडदिवसाला उतरतो. मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी आता लाखांत जाते. त्या रकमेतून शंभरावर माणसांचा ताफा, मालमोटारी, जनरेटर, डिझेल आणि दसऱ्याला कलावंतांना दिलेली उचल भागवायची असते. उचल देण्यासाठी फडमालकानं बहुधा आधीच व्याजानं पैसे काढलेले असतात.

फलकांवरची नावं वाचण्यासारखी असतात. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’, ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे’. यातल्या ‘सह’ या दोन अक्षरांत एक अख्खं व्यापारशास्त्र आहे. आईनं कमावलेलं नाव मुलाच्या नावाला जोडलं की जुना प्रेक्षक टिकतो आणि नवा वारस उभा राहतो. नाव ही मालमत्ता आहे, ती वारशानं देता येते, हे फडांना व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या निघायच्या आधीपासून माहीत आहे.

सुपारी ठरवून आणलेल्या तमाशाला गावात तिकीट नसतं. मोठ्या जत्रांत कनाती लावून तिकिटावर होणारे खेळ ही फडाची दुसरी मिळकत. तिसरी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत वादग्रस्त: दौलतजादा. प्रेक्षकातून उठून कोणी पैसे द्यायचे आणि मंचावरून त्याचं नाव, गाव, रक्कम पुकारायची. मग त्याच्या फर्माईशीची लावणी. पुकारा करणारा सोंगाड्या किंवा ढोलकीवाला हजरजबाबी असेल तर रक्कम वाढत जाते, कारण शेजारच्या गावचा पाहुणा मागं राहायला तयार नसतो. आजच्या भाषेत सांगायचं तर हे थेट प्रायोजकत्व होतं: पैसे दिल्याक्षणी नाव, तेही हजार माणसांसमोर. फरक इतकाच की देणारा तिथंच, कंदिलाच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात, सगळ्यांना दिसत उभा असे. त्याच्या घरची परिस्थिती लोकांना ठाऊक असे. उधारी थकवून दौलतजादा करणाऱ्याची दुसऱ्या दिवशी पारावर काय शोभा होई, ते वेगळं सांगायला नको.

ही पद्धत शाहिरांच्या दरबारी आश्रयाचंच खेडवळ रूप आहे. उत्तर पेशवाईत अनंत फंदी, होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांना पेशव्यांचा आणि सरदारांचा आश्रय होता. आमच्या शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचतो, तेव्हा त्यात पराक्रम कोणाचा गायचा हे काही अंशी बिदागीच्या दिशेनं ठरत असतं. पण शाहिरांनी एक गोष्ट राखली होती. शेवटच्या कडव्यात स्वतःची नाममुद्रा घालायची. आश्रयदात्याचं नाव पोवाड्याच्या पोटात आणि रचणाऱ्याचं नाव अखेरीला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी राहणारं.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. कलावंतांनी विरोध केला, तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि बंदी उठली ती अटी घालून: वग आधी लिहून तपासून घ्यायचा, अश्लीलता टाळायची. दौलतजादा हा सुधारकांच्या रोषाचा मुख्य विषय होता. त्यात तथ्य होतं. पैसे देणारा हात अनेकदा पैशांवर थांबत नसे, आणि मंचावरची बाई महार, मांग किंवा कोल्हाटी समाजातली म्हणून तिला नाही म्हणण्याची मुभा फारशी नव्हती. मात्र सुधारणेनं दौलतजादावर बोट ठेवलं, तेव्हा त्या जागी कोणता पैसा यायचा याचं उत्तर दिलं नाही. उत्तर गावांनी दिलं: सुपारी वाढवली.

तमाशाच्या व्यवहारात आणखी एक प्रथा आहे, जिच्याकडं अभ्यासकांनी मला वाटतं पुरेसं लक्ष दिलेलं नाही. रात्रीचा खेळ संपल्यावर फड लगेच निघून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ असते. देवळासमोर, दिवसाउजेडी, रोषणाईशिवाय, गावासमोर पुन्हा गाणं-बतावणी करायची. रात्री म्हातारी-कोतारी माणसं आली नसतील, बाया आल्या नसतील, त्यांच्यासाठी. पण हजेरी हा शब्दच सांगतो की हे उत्तरदायित्व आहे. ज्यांनी उंबऱ्यामागं पैसे दिले, त्यांच्यासमोर दिवसा उभं राहायचं. आणि जत्रा आटोपल्यावर तशीच हजेरी यात्रा कमिटीलाही द्यावी लागते, जमा-खर्च वाचून दाखवताना.

कंपनी नावाचा देणारा या चित्रात कधी शिरला? आमच्या भागात नेमका केव्हा, ते कागदावर दाखवता येणार नाही. पण देशभर तो कोणत्या वाटेनं आला ते स्पष्ट आहे. तो आधी जेवणाच्या बाजूनं आला. १९०३ सालच्या कायद्यानं चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. सुरुवातीला लक्ष परदेशी ग्राहकांवर होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत माल पडून राहायला लागल्यावर मळेवाल्यांना इथला माणूस आठवला. मग बाजार, मेळे, रेल्वे स्टेशनं, गिरण्या अशा ठिकाणी चहाच्या गाड्या उभ्या राहिल्या. फुकट कप, चहा कसा करायचा याचं प्रात्यक्षिक, आणि जाताना पैशाला एक अशी पुडी. स्टेशनांवर देशी भाषांतले मुलाम्याचे पत्रे लागले. आज जत्रेत चहाच्या टपरीशिवाय पाऊल पुढं पडत नाही आणि चहा हे आपलं पिढीजात पेय आहे असं आपण मानतो. इतकी यशस्वी जाहिरात मला दुसरी माहीत नाही. तिचं यश असं की ती जाहिरात होती हेच आपण विसरलो.

दुसरं उदाहरण डालडाचं. १९३७ साली हे वनस्पती तूप बाजारात आलं. तुपाच्या जागी हे खायचं म्हणजे धर्म बाटण्याइतकाच प्रश्न होता. लिंटास या जाहिरात संस्थेनं त्यासाठी जो धुरळा उडवला, त्यात डब्याच्या आकाराची गोल मोटार गावोगाव फिरवणं, रस्त्यावर स्टॉल लावून पदार्थ तळून लोकांना हुंगायला-चाखायला देणं, हे सगळं होतं. आजचं अ‍ॅक्टिव्हेशन खातं याहून वेगळं काय करतं, हे मला कळलेलं नाही. डालडा पुढं जत्रेतल्या जिलेबीच्या कढईत गेला आणि स्थिरावला.

गाण्याच्या बाजूनं कंपनी आली ती रेडिओवरून. १९५२ साली सिलोन केंद्रावरून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दंतमंजनाचं नाव गाण्याच्या क्रमवारीला कायमचं चिकटलं. विविध भारतीची व्यापारी सेवा १ नोव्हेंबर १९६७ला सुरू झाली, तीही मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून, म्हणजे मराठी कानांवरच पहिला प्रयोग झाला. ‘प्रायोजित कार्यक्रम’ हे शब्द आमच्या घरांत रुळले ते असे. दूरदर्शननं १९७६पासून जाहिराती घेतल्या. १९८४ची ‘हम लोग’ मालिका मॅगीच्या पैशावर चालली. ‘प्रायोजक’ हा शब्द खेड्यातल्या पत्रिकेवर फारसा येत नाही, हे मात्र लक्षात घ्यावं. तिथं अजून ‘सौजन्य’च लिहितात. शब्द मवाळ आहे, देणाऱ्याकडून काही मागितल्याचा भाव त्यात नाही.

अभिजात संगीतातला मोठा कंपनी-आश्रय हा तंबाखूचा होता, ही गोष्ट रसिक सहसा चर्चेत घेत नाहीत. आयटीसी संगीत संमेलन १९७१ साली सुरू झालं. १९७७मध्ये कोलकात्यात त्यांची संगीत संशोधन अकादमी उभी राहिली. गुरूंना घर, शिष्यांना वृत्ती, असं गुरुकुल एका सिगारेट कंपनीनं चालवलं आणि चांगलं चालवलं, हे मान्य करावंच लागतं. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या आणि तिकीट काढून शाल पांघरून बसणाऱ्या श्रोत्यांच्या बळावर उभा राहिला. तिथंही आता मांडवाच्या कडेनं पुरस्कर्त्यांचे फलक आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल असतात. २००३च्या कायद्यानं तंबाखूला प्रायोजकत्वाची दारं बंद केली. तोवर एक गोष्ट सिद्ध झाली होती: अडचणीच्या मालाला प्रतिष्ठा हवी असेल तर ती रागदारीकडून उसनी घेता येते.

हाच धडा दारूनं गिरवला. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करता येत नाही, तेव्हा सोडा, पाण्याची बाटली आणि संगीत ही तीन वाहनं उरली. पुण्यात २०१०च्या डिसेंबरात सुरू झालेला एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव अनेक वर्षं बकार्डीचं नाव पुढं लावून चालला. २०११ची ‘द ड्यूअरिस्ट्स’ ही संगीतमालिका तर एका व्हिस्कीच्या नावावरूनच बेतलेली होती. नाशिकला सुला वाइननं २००८पासून स्वतःच्या मळ्यातच सुलाफेस्ट भरवला. तिथं पुरस्कर्ता आणि यजमान वेगळे राहिलेच नाहीत, गाणं हे द्राक्षमळ्याचं अंगण सजवायला आलं. २०१६मध्ये गोव्याहून पुण्याजवळच्या केसनंदला आलेल्या सनबर्नवर संस्कृतीच्या नावानं ओरड झाली, पण त्या ओरडीत पैशाचा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

यातली गंमत अशी की हे सगळं नारायणगावात आधी होऊ शकलं असतं. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं तिथं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळती वाइन बनवायला सुरुवात केली. ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशी गेली, आमच्या भागातल्या द्राक्षांची. एकाच गावात एका बाजूला शँपेनच्या धर्तीची वाइन बनत होती आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या सगळ्यांत मोठ्या लोकनाट्याच्या राहुट्या लागत होत्या. मधलं अंतर चालत जाण्याइतकं. ते दोन्हींपैकी कोणी चालून गेलं नाही. पुढं ती कंपनी बुडाली. राहुट्या अजून लागतात.

का नाही गेलं कोणी? तमाशाचा प्रेक्षक गरीब, हे उत्तर मला पटत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाल्यावर या पट्ट्यात ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले, विघ्नहर कारखाना उभा राहिला. बियाणं, खतं, औषधं, ठिबक, ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला जो शेतकरी हवा असतो, तोच रात्री तमाशापुढं पथारी टाकून बसलेला असतो. एवढा नेमका ग्राहक एका जागी, एका रात्री मिळत असताना कंपन्यांनी तमाशाचा मंच विकत घेतला नाही. एक कारण उघड आहे, जातीचं आणि अब्रूचं. तंबाखूला रागदारीकडून प्रतिष्ठा मिळत होती. तमाशाकडून ती मिळण्यासारखी नाही, असं देणाऱ्याला वाटतं. ज्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, त्यांना उतारवयात पैशाच्या ओढाताणीत दिवस काढावे लागले. २००२ साली त्या गेल्या, आणि नंतर त्यांच्याच नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. त्यांच्या नावाला किंमत होती. ती हयातीत त्यांच्या हातात पडली नाही.

दुसरं कारण माझा तर्क आहे. गण, गौळण झाल्यावर जी बतावणी येते, ती कोणाच्याही ताब्यात नसते. सोंगाड्या सरपंचाची, सावकाराची, पुढाऱ्याची, ज्यानं काल जेवू घातलं त्याचीही टोपी उडवतो; तो ती उडवणार हे धरूनच गाव त्याला बोलावतं. खत कंपनीनं पैसे दिले तर बतावणीत खत निघणारच, आणि ते कसं निघेल ते कोणत्याही करारात लिहून घेता येणार नाही. ज्या मंचावर देणाऱ्याची थट्टा हा खेळाचा भाग आहे, तो मंच प्रायोजकाला परवडत नाही.

बैलगाडा शर्यतीत ही भीती नाही. बैल बोलत नाहीत. आमच्याकडची शर्यत घाटात होते: चार बैलांचा गाडा, पुढं घोडी, सेकंदांवर मोजली जाणारी बारी, आणि निवेदकाची ‘भिर्रर्र’. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ला पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. थांबण्यापूर्वीची शर्यत आणि सुटल्यानंतरची शर्यत यांत पैशाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक पडला. मानाचा फेटा आणि थोडी रोख यांच्या जागी दुचाक्या, ट्रॅक्टर, चारचाकी आल्या. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी यंत्र होतं. निवेदक बारी सुटण्याआधी गाडामालकाचं नाव पुकारतो आणि मग लगेच बक्षीस देणाऱ्याचं, त्याच्या फर्मचं, त्याच्या पदाचं. घाटाच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स असतात, आणि त्यांवर बैलांपेक्षा माणसांचे चेहरे मोठे. हा पैसा पुष्कळदा निवडणुकीच्या दिशेनं वाहत असतो, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हाच पैसा आता जत्रेच्या रात्रीकडं वळतो आहे. बक्षीस देणारा म्हणतो, तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा आणा, डीजेवर नाचणारीचा कार्यक्रम आणा, मी सगळं करतो. यात्रा कमिटीला वर्गणी मागत दारोदार फिरण्याचा त्रास वाचतो. ज्याच्या दारात गेलं की मागच्या वर्षीच्या हिशेबाची खोच निघते, तिथं जावं लागत नाही. पण वर्गणी घेतली नाही, तर हिशेब कोणाला वाचून दाखवायचा? आणि हजेरी कोणासाठी? डीजेचा ताफा पहाटेच निघून गेलेला असतो. सकाळी देवळासमोर हातारी माणसं येऊन बसतात आणि मांडववाला बांबू सोडत असतो. उंबऱ्यामागं पाचशे रुपये देणाऱ्याला फडाबद्दल, आमटीबद्दल, लाउडस्पीकरबद्दल तक्रार करायचा हक्क होता. फुकट पाहणाऱ्याला तो नाही. शहरातल्या महोत्सवात तिकीट काढणाऱ्या श्रोत्याकडं निदान तिकीट असतं. गावात ना तिकीट, ना पावती.

जेवणाच्या बाजूलाही असंच काही घडू शकतं, याचा नमुना २०१३च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात पाहायला मिळाला. लाइफबॉय साबणाच्या कंपनीनं तिथल्या ढाब्यांशी संधान बांधून पंचवीस लाखांवर पोळ्यांवर गरम ठशानं एक प्रश्न उमटवला: हात धुतलेत का? जाहिरात जगात त्याचं फार कौतुक झालं. संदेश चांगलाच होता, पोळीही चांगलीच असेल. पण पोळी ही आजवर कोणाच्याच नावाची नसलेली वस्तू होती. आमच्या सप्ताहातल्या भाकरीसारखी.

दिवाळी अंकात हे लिहिताना मला जाणीव आहे की १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकांचं मानधन कोणत्या ना कोणत्या तेला-साबणाच्या पानानं दिलेलं आहे. लेखाच्या डाव्या पानावर बँक आणि उजव्या पानावर मसाले, ही आपली सवयीची मांडणी आहे. तरी वाचकानं अंकाची किंमत मोजलेली असते, आणि संपादकाला पोस्टकार्ड पाठवून झोडपण्याचा त्याचा हक्क शाबूत असतो. तमाशाला हवं आहे ते एवढंच. फडमालकांची मागणी बहुतेक वेळा सरकारकडं असते: अनुदान द्या, कर्ज द्या. ती रास्त आहे. टाळेबंदीच्या दोन हंगामांत जत्रा बंद राहिल्या तेव्हा उचल दिलेली, व्याज चालू आणि सुपारी एकही नाही, अशा अवस्थेत अनेक फड मोडता मोडता राहिले, आणि त्या वेळी कोणताही ब्रँड पुढं आला नाही. पण अनुदानानं हजेरीचा प्रश्न सुटत नाही. सरकारही गावच्या पारावर सकाळी बसलेलं नसतं.

यंदाही पाडव्याला नारायणगावात राहुट्या लागल्या. एका गावची कमिटी सुपारीवरून दीड तास घासाघीस करून उठली, बाहेर चहा प्यायली आणि परत आत गेली. रक्कम पंचवीस हजारांनी तुटत होती. एक जण म्हणाला, आपल्या ट्रॅक्टरवाल्या शेठना फोन लावू, ते घालतील. दुसरा, वयानं मोठा, म्हणाला, “लाव की. पण मग फलक त्याचा लागंल अन् तमाशा बी त्याच्याच मर्जीचा. त्यापरीस उंबऱ्यामागं पन्नास रुपये वाढवू.” गावात पाचशे उंबरे असल्याचं त्यांच्यापैकी एकानं हिशेब करून सांगितलं. सुपारी दिली गेली.